पाचव्या मजल्यावरच्या नर्सबाई

पाचव्या मजल्यावरची ती जागा मिस्त्रींनी स्वतः पसंत केली होती. तेव्हा चाळिशी नुकतीच लागलेली, गुडघे शाबूत, आणि नोकरी लिफ्टच्या कंपनीत. तळमजल्यावरची जागाही मिळत होती. पण मिस्त्री बायकोला म्हणाले, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं तळमजल्यावर राहायचं म्हणजे आचाऱ्यानं उपाशी झोपायचं." बायकोला हसू आलं आणि तिथंच सौदा पक्का झाला.

पुढं छत्तीस वर्षं ते दोघं तिथंच राहिले. मूलबाळ झालं नाही. मिस्त्री गावभरच्या लिफ्ट सांभाळत. नुसता आवाज ऐकून ते सांगत, वरचं बेअरिंग सुकलंय की दाराच्या रुळात कचरा अडकलाय. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास कायमचा चिकटलेला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी इमारतीतले लोक त्यांना मिस्त्रीच म्हणत.

आणि त्यांच्या बायकोला म्हणत नर्सबाई. त्या घरोघरी फिरणाऱ्या नर्स होत्या. खांद्याला पिशवी, पायात जाड तळव्यांचे बूट, आणि रोज वीस-बावीस उंबरे. कुणाची जखम धुवायची, कुणाला सुई टोचायची, कुणा बाळंतिणीच्या सासूला दोन शब्द सुनवायचे. त्यांच्या बोलण्याला धार होती, पण हात हलका होता. लोक म्हणायचे, नर्सबाईंची सुई कळत नाही, जीभ कळते.

त्यांच्या जोडीला दुसरी एक नर्स होती. ती दोन वर्षांनी मागून लागली म्हणून तिचं नाव पडलं धाकटी, आणि ओघानंच नर्सबाई झाल्या थोरली. खरं तर धाकटी त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. अडतीस वर्षं दोघींनी एकच भाग वाटून घेतला, एकमेकींच्या पाळ्या केल्या, एकमेकींचे डबे खाल्ले. धाकटीनं लग्न केलं नाही. तीन गल्ल्या सोडून तळमजल्यावरच्या दीड खोलीत ती एकटी राहायची. निवृत्तीनंतर दोघींचा नेम असा की संध्याकाळी पाच वाजता औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर भेटायचं. तासभर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीवरून त्यांची दुखणी ओळखायची. मिस्त्री कधी बरोबर गेले तर दोघी त्यांना कडेला सरकवत. "तुम्हाला काय कळतंय माणसातलं? तुम्ही तारा बघा," असं धाकटी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी नर्सबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. घरात आणि सपाट रस्त्यावर त्या वॉकर टेकत छान चालत, पण पायरी म्हटली की पाय उचलत नसे. तरी पाचचा नेम चुकला नाही, कारण लिफ्ट होती. मिस्त्री त्यांना लिफ्टनं खाली सोडत, बाकापर्यंत नेत आणि तासाभरानं आणायला जात.

मग एका दुपारी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत होते दाताचे डॉक्टर. ते दुसऱ्या मजल्यावर राहत आणि इमारतीचे सेक्रेटरीही तेच. पाऊण तासानं त्यांना बाहेर काढलं तेव्हा रोज दुसऱ्यांच्या तोंडचं पाणी पळवणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला कोरड पडली होती. दुसऱ्या दिवशी तपासनीस आला, वरच्या मशीनच्या खोलीत डोकावला आणि लिफ्टला सील ठोकून गेला. कंट्रोल पॅनल जळलं होतं आणि तसलं पॅनल कंपनीनं बनवणं बंद केलं होतं. दुसरं मागवावं लागणार होतं.

"पंधरा दिवस," कंपनीचा माणूस म्हणाला.

मिस्त्रींनी हेच वाक्य चाळीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. पंधरा दिवस म्हणजे किती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण आपल्यावर आली की माणूस विश्वास ठेवतो. त्यांनी ठेवला.

पहिल्या आठवड्यात धाकटी स्वतःच पाच जिने चढून आली. दारात पोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. अर्धा तास ती नुसती धापा टाकत बसली आणि उरलेला अर्धा तास नर्सबाईंनी तिची नाडी धरून तिला शिव्या घालण्यात घालवला. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या मजल्यावर तिला चक्कर आली. तिच्या डॉक्टरांनी जिना बंद केला. मग धाकटीला बाक राहिला आणि थोरलीला फोन. पाच वाजता फोन वाजायचा आणि मिस्त्री स्वयंपाकघरात चहा करता करता एका बाजूचं बोलणं ऐकायचे.

"बाकावर बसलीयेस का? ... कोण चाललंय? ... डावा पाय ओढतोय? मग कंबरच असणार, दुसरं काय."

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मिस्त्री सेक्रेटरींकडे गेले. "वरची चावी द्या. मी जुन्या पॅनलवरच दोन दिवसांत चालू करून देतो."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी मिस्त्रींना बसवलं, पाणी दिलं. "मिस्त्री, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण तुमचा परवाना संपून अकरा वर्षं झाली. उद्या दोर सुटला, कुणाला काही झालं, तर मी काय सांगू? म्हाताऱ्या माणसाच्या हातून दुरुस्त करून घेतली म्हणून?"

शेवटचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निसटलं. त्यांनी लगेच जीभ चावली, पण मिस्त्रींच्या ते वर्मी लागलं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर ते थांबले आणि बंद लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले. घरी आल्यावर बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, "होतंय. आज-उद्या होईल."

ते वाक्य मग त्यांच्या तोंडी बसलं.

तिसऱ्या महिन्यात केंद्रातल्या ताई आल्या. दोन चौक पलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक केंद्र होतं. तिथं गुरुवारी लोक जमत, व्यायाम करत, पत्ते कुटत, एकमेकांची तक्रार एकमेकांकडे करत. ताई ते चालवत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात एक वही. त्या वहीत घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादी होती.

"नर्सबाई, माझ्या आईची जखम तुम्ही महिनाभर धुतलीत," ताई आल्या आल्या म्हणाल्या. "तुम्हाला आठवणार नाही."

"जखम दाखवलीस तर आठवेल," नर्सबाई म्हणाल्या. "चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत."

ताईंनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांच्याकडे एक खुर्ची होती. माणसाला जिन्यावरून उतरवण्यासाठीच बनवलेली. पट्टे होते, पुढं-मागं दांडे होते. चार माणसं होती, शिकून तयार झालेली. दोन टॅक्सीवाले, एक फुलवाला, एक शाळेतला व्यायामशिक्षक. दर गुरुवारी दुपारी ते लोकांना खाली आणत आणि संध्याकाळी वर सोडत. "आजवर एकालाही ओरखडा नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

मिस्त्रींनी पाहिलं, बायको वॉकर धरून किंचित पुढं झुकली होती. ते त्यांनी पाहिलं, हे खरं. पण त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढं दुसरंच चित्र उभं राहिलं. पट्ट्यांनी बांधलेली बायको, चार परकी माणसं, आणि प्रत्येक मजल्यावर अर्धवट उघडलेली दारं. लिफ्टवाल्याची बायको बघा, गोणीसारखी उचलून नेताहेत.

"कशाला उगाच त्रास?" ते म्हणाले. "आज-उद्या लिफ्ट चालू होईलच. तिला ते आवडायचंही नाही. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना उचललंय."

ताईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मान नर्सबाईंकडे वळवली. "तुमचं काय म्हणणं?"

नर्सबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "हे म्हणतात तसं," त्या म्हणाल्या.

ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं, फोन नंबर ठेवला आणि पाच जिने उतरून गेल्या.

पाचव्या महिन्यात धाकटीचा आवाज बदलला. आधी ती म्हणाली सर्दी आहे. मग म्हणाली थोडी धाप लागते. मग आठ दिवस फोनच आला नाही, आणि आला तो तिच्या भाचीचा. मावशी रुग्णालयात होती, आता घरी आणली आहे, हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात जपायचं. नर्सबाईंनी औषधांची नावं विचारली, किती वेळा देता विचारलं, पायावर सूज किती आहे ते अंगठ्यानं दाबून बघायला लावलं. त्या सुजेचा अर्थ त्यांना भाचीपेक्षा जास्त कळत होता.

त्या संध्याकाळी धाकटी स्वतः फोनवर आली. मिस्त्रींना पलीकडचं ऐकू येत नव्हतं. पण बायको म्हणाली, "येते गं. येते म्हटलं ना," आणि मग तोंडाला पदर लावला.

चहा तसाच गार झाला. नर्सबाईंनी त्यांना हाक मारली.

"अहो, मला खाली न्या. त्या खुर्चीतून न्या. ताईंना फोन करा."

मिस्त्री त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या खिशात कंपनीचा निरोप होता. सोमवारी पॅनल येणार, बुधवारपर्यंत लिफ्ट चालू. खोटं काही नव्हतं त्यात.

"सोमवारी माणूस येतोय," ते म्हणाले. "दोन दिवस थांब. स्वतःच्या पायांनी जाशील तिच्याकडे. तिलाही बरं वाटेल तुला चालताना बघून. तुला खुर्चीत बांधलेली बघितली तर ती उलट घाबरायची."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रुग्ण दुखतंय कुठं हे लपवत असला की त्या तशा बघायच्या. मग म्हणाल्या, "बरं."

सोमवारी माणूस आला. खोकं उघडलं. आत पॅनल होतं, पण दुसऱ्याच मॉडेलचं. मिस्त्रींना ते खोक्यावरचा आकडा वाचूनच कळलं. माणसानं खोकं बंद केलं, कागदावर सही घेतली आणि पंधरा दिवस म्हणाला.

त्या दिवशी ते ताईंना फोन करू शकले असते. मंगळवारीही करू शकले असते. नंबर फोनखालीच कागदावर होता. बायकोनं पुन्हा विषय काढला नाही, आणि ती काढत नाही म्हणजे तिला तितकंसं वाटत नाही, असं त्यांनी मनाला पटवलं. ते रोज सकाळी कंपनीत फोन करून भांडत. भांडून झालं की काहीतरी केल्यासारखं वाटे. रोज संध्याकाळी धाकटीचं फोनवरचं बोलणं थोडं थोडं कमी होत गेलं. शेवटी शेवटी बायकोच बोलायची आणि पलीकडं नुसता श्वास असायचा.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला.

मिस्त्रींच्या हातून तो कागद ओढताना फोन खाली पडला. ताई लगेच म्हणाल्या, तासाभरात चौघांना घेऊन येते. ते आत धावले. बायको खाटेच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, पाळी संपवून बसलेली नर्स बसते तशी.

"खुर्ची येतेय," ते म्हणाले. "तुला शेवटचं बघायला नेतो."

"नको."

"अगं, तासाभरात..."

"जिवंतपणी गेले नाही," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "आता चार माणसांना कशाला दमवायचं? तुम्ही जाऊन या."

मिस्त्री एकटे मयतीला गेले. माणसं फार नव्हती. औषधाच्या दुकानाचा मालक होता, दोन-तीन जुन्या नर्स होत्या. निघताना भाचीनं त्यांना घरात नेलं, मावशीनं थोरलीसाठी ठेवलेली एक शाल द्यायला. खाटेजवळ एक लाकडी खुर्ची होती, पाठीला उशी लावलेली.

"या खुर्चीवर मावशी मला बसू द्यायची नाही," भाची म्हणाली. "म्हणायची, ही थोरलीची. तिला खुब्याचा त्रास आहे, तिला उंच बसायला लागतं. मी पंधरा दिवस जमिनीवर बसले."

शाल काखेत घेऊन ते तीन गल्ल्या चालत आले, पाच जिने चढले. बायकोनं शाल घेतली, घडी न मोडता मांडीवर ठेवली.

"काय म्हणाली भाची?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "शांतपणे गेली म्हणाली."

आठव्या महिन्यात लिफ्ट चालू झाली. नवीन दिवा, चकचकीत बटणं, मजला आला की बाईचा आवाज. पोरं दिवसभर खाली-वर करत राहिली. डॉक्टरांनी दारोदार जाऊन पेढ्यांसारखी ती बातमी वाटली. मिस्त्रींनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, बायकोचा वॉकर पुसला आणि तिला दारापर्यंत आणलं. लिफ्ट आली. दार उघडलं. आतल्या आरशात दोघं दिसत होते, दोन वाळकी माणसं.

नर्सबाईंनी वॉकरचे पुढचे पाय आत टेकवले, आणि मागं घेतले.

"नको," त्या म्हणाल्या.

"अगं, भिऊ नकोस. मी स्वतः वर जाऊन दोर बघून आलोय."

"भीत नाही मी. खाली कोण आहे?"

दार मिटलं. लिफ्ट रिकामीच खाली गेली. नर्सबाई वळल्या आणि घरात आल्या, एकेक पाऊल मोजत.

त्यानंतर त्या उतरणीला लागल्या. खाणं चिमणीसारखं झालं. पाच वाजता त्या फोनकडे पाठ करून बसत. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती ऐकली, आणि जाताना मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाले की दुखणं असं काही सापडत नाही. मिस्त्रींना दुखणं ठाऊक होतं. बिघाड कुठं आहे हे कळतं, पॅनल उघडायची मात्र हिंमत नाही, अशी त्यांची गत झाली होती.

शेवटी एका दुपारी ते केंद्रात गेले. ताई खुर्च्या मांडत होत्या. कोपऱ्यात ती पट्ट्यांची खुर्ची उभी होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. साधीच होती. चाकं होती तिला.

"ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "लिफ्टचं कारण नव्हतं. तिला आवडणार नाही हेही खरं नव्हतं. मला लाज वाटली. माझी लाज मी तिच्या नावावर खपवली. आणि तिची मैत्रीण वाट बघत गेली."

ताईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. त्यांनी मिस्त्रींना माफही केलं नाही आणि रागावल्याही नाहीत. "हे तुम्ही मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "घरी सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगा. आणि त्यांना काय हवंय ते तुम्ही ठरवू नका, विचारा. उत्तर येईपर्यंत थांबायचं. पुरुषांना हे थांबणं जमत नाही, असं माझं निरीक्षण आहे. मध्येच काहीतरी दुरुस्त करायला उठतात."

मिस्त्री घरी आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दारं, गोणी, लाज. भाचीनं सांगितलेली खुर्चीची गोष्टही सांगितली. नर्सबाई ऐकत होत्या, मांडीवर ती शाल, अजूनही घडी न मोडलेली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "खुर्चीचं नव्हतं माहीत. तुमचं माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस? माझं काही ऐकलं नसतंस तर..."

मग त्यांना ताईंचं बोलणं आठवलं आणि ते गप्प बसले. उत्तर यायला बराच वेळ लागला.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन सांगत आले," नर्सबाई म्हणाल्या. "मदत लागली तर मागा. एकदा नाही मिळाली तर दुसऱ्यांदा मागा, लाजू नका. आणि स्वतःच्या घरात मी एकदाच मागितली. दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. का, तर नवऱ्याचा चेहरा पडेल." त्यांनी शालीवरून हात फिरवला. "ते माझं मी बघेन. पण मी तुमच्यावर रागावलेय. पुष्कळ रागावलेय. आणि तो राग जायला जेवढा वेळ लागेल तेवढा माझ्याजवळ आहे की नाही, कुणास ठाऊक."

मिस्त्रींनी मान हलवली. रडावंसं वाटत होतं, पण रडलं तर ती उलट आपलीच समजूत घालेल, म्हणून ते रडले नाहीत.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं.

"आज काही नाही. उद्या विचारा."

त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. नवव्या की दहाव्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "त्या ताईंच्या वहीत माझ्यासारखे किती आहेत?"

सात होते. सातही जण वरच्या मजल्यांवर, ज्यांना खुर्चीचीही भीती वाटते किंवा ज्यांच्या घरात कुणाला लाज वाटते असे. नर्सबाईंनी नावं आणि नंबर मागवले. रोज सकाळी दहाला फोन सुरू. डोळे अधू झाल्यामुळं नंबर मिस्त्री फिरवत आणि फोन त्यांच्या हातात देऊन बाहेर जाऊन बसत. भिंतीपलीकडून जुना आवाज ऐकू येई, धारेचा.

"नुसतं खाल्लं म्हणू नका. काय खाल्लं ते सांगा... चहा म्हणजे खाणं नव्हे... गोळी जेवणाआधीची आहे, जेवणाबरोबर घेऊन काय उपयोग?"

सातांपैकी तिघं हळूहळू त्या पट्ट्यांच्या खुर्चीतून गुरुवारी खाली येऊ लागले. नर्सबाई स्वतः मात्र केंद्रात कधी गेल्या नाहीत. लिफ्टनं त्या एकदाच खाली उतरल्या. धाकटीच्या गल्लीत न्या म्हणाल्या. तिच्या दीड खोलीत आता दुसरं कुटुंब राहत होतं, खिडकीत लहान मुलाचे कपडे वाळत होते. त्या दोन मिनिटं वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चला. वाटेत बाक लागला. त्या थांबल्या नाहीत. मिस्त्रींनी थांबू या का असं विचारलंही नाही. हे विचारायला हवं होतं की नको, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

राग गेला की नाही, तेही कळलं नाही. दोघं एकत्र जेवत, एकत्र बातम्या ऐकत. ती त्यांच्या सदऱ्याचं बटण लावून द्यायची, त्यांच्या खोकल्यावरून त्यांना टोकायची. पण पूर्वी ती त्यांच्या बोलण्यावर जशी हसायची, तशी पुन्हा हसली नाही. त्यांनीही विनोद करणं सोडलं होतं.

असं वर्ष आणि वर दोन महिने गेले. थंडीत नर्सबाईंच्या छातीत कफ झाला. रुग्णालयात जायला त्यांनी चक्क नकार दिला, आणि या खेपेला मिस्त्रींनी ठरवलं नाही, विचारलं, आणि ऐकलं. पाचव्या दिवशी दुपारी ते त्यांच्यासाठी सफरचंद चिरत होते. "बारीक करा," त्या म्हणाल्या. त्यांनी फोडी बारीक केल्या. ताटली घेऊन वळले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

माणसं पुष्कळ आली. कुठल्या कुठल्या गल्लीतली, ज्यांना त्यांनी सुया टोचल्या होत्या ती, आणि त्यांची मुलं. जिना आणि लिफ्ट दिवसभर माणसांनी भरलेली होती. दाताच्या डॉक्टरांनी सगळी धावपळ केली. ताई दोन दिवस येऊन राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी सगळ्यांना आपापल्या घरी पाठवलं. मी बरा आहे, म्हणाले.

दार लागलं. घरात कुठलाही आवाज नव्हता. मिस्त्री खाटेवर बसून राहिले. किती वेळ, त्यांना सांगता आलं नसतं. दहा वाजून गेल्यावर फोन वाजला.

"मी शिलाईवाली बोलतेय," पलीकडून एक पिकलेला, कापरा आवाज आला. "चौकातल्या पिवळ्या इमारतीतली. तिसरा मजला."

त्या सातांतला तिचा नंबर मिस्त्रींनी वर्षभर रोज फिरवला होता. आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताईंनी कळवलं मला," ती म्हणाली. "यायचं होतं. नाही जमलं. गुडघे..."

"ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाले.

मग ती म्हणाली, "काही खाल्लंत?"

"हो."

"काय खाल्लंत ते सांगा."

मिस्त्रींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओटा कोरडा होता. गेल्या तीन दिवसांत जे बाहेर पडलं नव्हतं ते आता पडू लागलं. फोन कानाला लावून ते लहान मुलासारखे रडले. पलीकडून कुणी उगी म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "घरात अंडी आहेत?"

"असतील."

"बघून या. मी थांबते."

मिस्त्री उठले. तीन अंडी होती. त्यांनी तसं सांगितलं.

"दोन घ्या. फोडता येतात ना? कढई ठेवा गॅसवर. घाई काही नाही. मला आज दुसरं काम नाही."

मिस्त्रींनी फोन ओट्यावर ठेवला आणि काडी ओढली.